प्रेक्षकांना पाठ दाखवायची नाही

नाटकाच्या वर्गात पहिल्या दिवशी सरांनी फळ्यावर एक वाक्य लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. "प्रेक्षकांना पाठ दाखवायची नाही." मी ते वहीत मुकाट उतरवून घेतलं. तेव्हाच मला राग आला होता असं म्हणाले तर खोटं ठरेल. राग नंतर आला, पण आला तो असा की आजही कुणी नवशिक्याला हे वाक्य ऐकवताना दिसलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते.

मी लोणावळ्याच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होते. आमची वस्ती पवनानगरच्या अलीकडे. सकाळी जीपमध्ये कुणाच्या तरी मांडीला मांडी घासत कामशेत, तिथून गाडीने लोणावळा. नाटकात गेले ती केवळ वस्तीतल्या विहारात जयंतीला भाषणं ठोकायची सवय होती म्हणून. मला वाटायचं, पाठ केलं की झालं. सरांनी आठ दिवसांत ती हवा काढून टाकली. ते पुण्याहून यायचे, गळ्यात सुती पंच्यासारखं काहीतरी असायचं, आणि प्रत्येक गोष्टीला त्यांच्याकडे एक शब्द असायचा.

शब्द मला आवडले, उगाच कशाला नाही म्हणू? रंगमंचाचा प्रेक्षकांजवळचा भाग डाउनस्टेज, लांबचा अपस्टेज. समोरचा ज्या शब्दावर थांबतो आणि आपण सुरू होतो, तो क्यू. कुणी कुठून निघायचं, कुठे थांबायचं, कुणाच्या आड यायचं नाही, हे सगळं ठरवणं म्हणजे ब्लॉकिंग. तोंडाने एक बोलायचं आणि पोटात दुसरंच असायचं, तो सबटेक्स्ट. हे शेवटचं शिकवायला त्यांना तीन तास लागले. आमच्याकडे सोयरीक मोडताना चहा पाजतात, ते एकदा बघितलं असतं तर तीन मिनिटांत झालं असतं.

आवाजाच्या तासाला मात्र मी भाव खाल्ला. सर म्हणाले, "ओरडू नका, आवाज फेका. पोटातून येऊ दे." शहरातल्या मुली पोटावर हात ठेवून कुजबुजत होत्या. मी एका खाचरातून तिसऱ्या खाचरातल्या आईला हाक मारत वाढलेली. मी "आ" लावला तर बाहेरचा शिपाई आत डोकावला. सर खूश झाले, पण लगेच म्हणाले, "आवाज आहे, भाषा मात्र घासावी लागेल. ‘न्हाई’ नाही, ‘नाही’ म्हणायचं." मग तोंडात आडवं पेन धरून महिनाभर मी "नाही, नाही" घोकलं. पेन दातांत धरून धरून जबडा दुखायला लागला. आणि महिन्याने एकांकिका स्पर्धेसाठी नाटक निवडलं, त्यात मला मावळातल्या शेतमजूर बाईचं काम दिलं, तेव्हा तेच सर म्हणतात, "छान! आता न्हाई म्हण."

मी म्हटलं, "सर, आधी एकदा ठरवा."

सगळे हसले. सरही हसले, पण थोडेसेच.

नाटक आमच्याच कॉलेजातल्या एका जुन्या विद्यार्थ्याने लिहिलं होतं. धरणाजवळचं भाताचं एक खाचर रिसॉर्टवाल्याला विकलं गेलंय. चार बाया तिथे भातलावणी करतायत. मालक रंगमंचावर येतच नाही, त्याचा आवाज प्रेक्षकांच्या मागून, दारातून येतो, म्हणजे प्रेक्षक बसलेत तिकडेच बांध. तो ओरडतो की थांबा, बस झालं, जमीन गेली आता. तीन बाया थांबतात. चौथी थांबत नाही. ती आपली रोपांची ओळ पुरी करते आणि म्हणते, "शेत इका न्हाईतर ठेवा. आजची लावनी पुरी व्हईल." तिथे नाटक संपतं. ती चौथी बाई मी.

हे वाक्य वाचलं त्या दिवशी परतताना गाडीत मला कामशेत आलेलं कळलं नाही. असं वाक्य माझी आई कधी बोललेली नव्हती, पण ती ते बोलू शकली असती, याची मला खात्री होती. आईने आयुष्यभर दुसऱ्यांच्या खाचरात लावणी केली. आमचं स्वतःचं म्हणायला घरामागे एक तुकडा, त्यात ती सगळ्यात शेवटी लावायची, अंधार पडायच्या आत घाईघाईने.

आणि मग ब्लॉकिंगचा दिवस उजाडला. मांडवाच्या सजावटीचा हिरवा कागद कापून आम्ही रोपांच्या मुठी केल्या होत्या. सर म्हणाले, "चौघी मागे उभ्या राहा, अपस्टेजला. वाका. आता लावत लावत पुढे या. हळूहळू प्रकाशात. शेवटच्या वाक्याला अगदी समोर." बाकीच्या तिघी वाकल्या आणि रोप खोचत, एकेक पाऊल टाकत पुढे चालायला लागल्या.

मला हसू फुटलं. दाबायला गेले तर नाकातून फुटलं.

"काय झालं?"

"सर, अहो, सगळी रोपं तुडवली!"

भाताची लावणी करणारी बाई पुढे चालतच नाही. ती मागे सरकते. रोप समोर खोचायचं आणि पाय मागे घ्यायचा, म्हणजे लावलेलं सगळं डोळ्यांसमोर राहतं आणि चिखल तुडवला जातो तो न लावलेला. हे मावळातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. सरांना माहीत नव्हतं, ठीक आहे, नसेल. पण सांगितल्यावर तरी ऐकावं की नाही? ते म्हणाले, "ही प्रतीकात्मक लावणी आहे."

"प्रतीकात्मक लावणीला पाय नसतात का सर?"

मग त्यांनी बरं म्हणून उलटं करून बघितलं. आम्ही समोरून सुरुवात करायची आणि लावत लावत मागे जायचं. तोंड प्रेक्षकांकडे राहतं, लावणीही बरोबर. पण शेवटच्या वाक्यापर्यंत मी पार मागच्या पडद्याला टेकलेली, तिथे प्रकाश नाही, आणि सर खुर्चीवरून ओरडतात, "नाटकाचं सगळ्यात मोठं वाक्य, आणि बाई दिसतच नाही!" त्यात त्यांचं चुकत नव्हतं.

मी म्हटलं, "मग मागून सुरू करते आणि उलटी सरकत पुढे येते."

"म्हणजे प्रेक्षकांना काय दिसणार?"

"पाठ."

मुली फिसकन हसल्या. सर खाकरले. वाकलेल्या बाईची नुसती पाठ दिसत नाही, हे सगळ्यांच्याच डोक्यात आलं होतं, बोललं कुणी नाही. मग म्हणाले, "पहिला धडा काय लिहून दिला होता?" मी म्हटलं, "सर, तो धडा दिवाणखान्यातल्या नाटकाचा आहे. खाचरात सोफा नसतो." झालं! सरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, हे काम करायचं असेल तर मी सांगतो तसं, पुढे तोंड करून, पुढे चालत. नसेल जमत तर काम तिचं. आणि त्यांनी बोट दाखवलं वर्गातल्या एका मुलीकडे, आमच्या मावळातल्याच इंदुरी गावची ती. ती बिचारी म्हणाली, "सर, मी आजवर बांधावरून डबा देण्यापलीकडे काही केलेलं नाही." त्यांच्या घरची शेती मोठी. "तेवढं पुरे," सर म्हणाले.

उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हणतात ना, ते मी त्या दिवशी बघितलं.

काम जायला नको होतं मला. आयुष्यात पहिल्यांदा मला असं काहीतरी हातात मिळालं होतं की जे माझ्याइतकं चांगलं दुसरं कुणी करू शकणार नव्हतं. पण आईने येते म्हणून सांगितलं होतं. तिने आजवर मला स्टेजवर बघितलेलं नव्हतं, विहारातली भाषणंसुद्धा ती भाकऱ्या थापत लांबून ऐकायची. तिच्यासमोर मी रोपं तुडवत पुढे चालू? त्यापेक्षा स्टेजवरून खाली पडलेली बरी.

तेव्हा मी एक लबाडी केली. तालमीत मुकाट पुढे चालले. सर म्हणाले, "बघ, जमतंय की." आणि संध्याकाळी घरी आले की विहारात जाऊन उलटं बसवायचं. पाठमोरं बोलताना आवाज समोरच्या भिंतीला धडकून मरतो, हे मला तिथे कळलं. हनुवटी किंचित वर ठेवायची, वाकलेलं असताना श्वास बरगड्यांत भरायचा, आणि वाक्याचं शेवटचं अक्षर गिळायचं नाही. "व्हईल" मधला "ल" दारापर्यंत पोचला पाहिजे. दारात मी चप्पल ठेवायची आणि तिला ऐकवायची. हे कुठल्याच सरांनी शिकवलं नाही, मी शिकले.

स्पर्धेची पहिली फेरी लोणावळ्यातच होती. आई भात निसवायच्या, म्हणजे लोंब्या बाहेर पडायच्या, आधीच्या मोकळ्या दिवसांत दोन गाड्या बदलून आली, ठेवणीतली साडी नेसून, आणि तिसऱ्या रांगेत पिशवी मांडीवर घेऊन बसली. पडद्याच्या फटीतून मी तिला बघितलं. माझं ठरलं होतं.

उजेड आला. तिघी वाकल्या आणि पुढे निघाल्या. मी प्रेक्षकांकडे पाठ केली, पदर खोचला, वाकले आणि मागे सरकायला लागले. विंगेत सरांचा हात वर गेलेला मला दिसला. दोन मिनिटांत मागच्या रांगेतून शिट्टी आली. मग दुसरी. मोबाइलचे दिवे लागल्याचं मला समोरच्या पडद्यावर दिसलं. कान तापले. वाटलं, सरांना हेच म्हणायचं होतं, आणि ते बोलायची त्यांना लाज वाटली. पण रोप खोचायचं आणि पाय मागे घ्यायचा, हे अंगात इतकं मुरलेलं होतं की माझे हात थांबले नाहीत. मारा शिट्ट्या, म्हटलं. तुमच्या ताटात भात येतो तो असाच येतो.

मालकाचा आवाज आला. तिघी थांबल्या. मी थांबले नाही. अगदी डाउनस्टेजला आले, आणि तशीच वाकून, पाठमोरी, वाक्य फेकलं. ते दारापर्यंत गेलं. शिट्ट्या बंद झाल्या. अंधार झाला, आणि मग टाळ्या.

परीक्षकांनी मनोगतात माझं नाव न घेता सांगितलं की एका गुणी मुलीने अभिनयाची प्राथमिक शिस्त मोडली. तरी आमचं नाटक पुण्याच्या फेरीसाठी निवडलं गेलं. सगळे नाचत होते. सर माझ्याजवळ आले आणि शांतपणे म्हणाले, "अभिनंदन. उद्यापासून तू येऊ नकोस. पुण्याला तुझं काम इंदुरीची मुलगी करेल."

मी तशीच बाहेर पडले. बोलले असते तर रडले असते, आणि ते सुख मला त्यांना द्यायचं नव्हतं.

आई बाहेर पायरीवर बसली होती. मी तिच्या शेजारी बसले. म्हटलं, ही तरी म्हणेल शाब्बास.

"कसं झालं?"

"झालं की. हात बराबर चालत व्हता तुजा."

"मग गप्प का?"

तिने पिशवीचे बंद उगाच सोडले, परत बांधले. "तुजं तोंडच दिसलं न्हाई."

माझा तोल गेला. "अगं, तुझ्यासाठी केलं मी हे! पुढं चालत लावली असती तर तूच हसली असतीस मला!"

"हसले असते की. लय हसले असते." तिने माझ्याकडे वळून बघितलं. "पर आपल्या गावातलं एक खाचर असं न्हाई की जितं मी वाकले न्हाई. बांधावर उबा ऱ्हातो त्या मानसाला बाईची पाठच दिसती. माजी समद्यांनी बगितली. आता पोरीची बी पाठच बगायची व्हती, तर दोन गाड्या बदलून हितवर कशाला आले मी? ती शिट्टी मारनारी बी पाठच बगत व्हती."

मी आपली अडून म्हटलं, "ती बाई काम थांबवत नाही आई. म्हणून ती वाकूनच बोलते. तेच तर आहे त्यात."

"आन् ओळ संपल्यावर?"

"काय ओळ संपल्यावर?"

"ओळ संपल्यावर आमी काय वाकूनच ऱ्हातो व्हय? बांधाला टाच लागली की बाई सरळ व्हती. कंबरंवर हात ठिवती आन् वळती. तू टाच लागल्यावर बी वाकलेलीच. तसं कोन करतं? मला तितंच हसू आलं व्हतं, पर म्हनलं जाऊ दे."

घ्या! सरांना रोपं तुडवली म्हणून हसणारी मी, आणि मीच अर्धी लावणी करून आले होते. सरांशी भांडायच्या नादात मला फक्त पाठ दिसत होती. ओळीला शेवट असतो हे विसरले. इतकी लाज मला त्या शिट्ट्यांनी सुद्धा वाटली नव्हती.

"चल," आई उठली.

"कुठं?"

"तुज्या सरांकडं. काम काढून घेतलं ना? तोंडावरनं कळतंय. तोंड दिसलं की कळतं समदं."

आम्ही आत गेलो तेव्हा सर सामान आवरत होते. मी माफी मागितली नाही. आजही मागणार नाही. मी म्हटलं, "सर, लावणी मी उलटीच करणार. पण माझं चुकलं ते वेगळंच. एकदा बघा, मग काय ते ठरवा." आई तिसऱ्या रांगेत जाऊन बसली. सर तिच्याकडे बघून काही बोलता बोलता थांबले आणि खुर्ची ओढून बसले. मी रिकाम्या रंगमंचावर मागून सुरू केलं, सरकत सरकत समोर आले, टाच कडेला लागली, सरळ झाले, कंबरेवर हात ठेवला, वळले आणि वाक्य म्हटलं. इंदुरीची मुलगी विंगेतून म्हणाली, "सर, हेच बरोबर आहे. आमच्याकडच्या बायका अश्शाच उभ्या राहतात."

सर म्हणाले, "वळल्यावर लगेच बोलू नकोस. तीन आकडे मोज, मग बोल. त्याला पॉज म्हणतात. आणि पाठीवर पदर नीट घे." एवढंच. तुझं बरोबर होतं असं ते मेले तरी म्हणाले नसते.

पुण्याचं सभागृह मोठं होतं. तिथेही मी वाकले तेव्हा मागून कुणीतरी खिदळलं. खिदळू दे, म्हटलं, आत्ता येते तुमच्याकडे. मालक ओरडला, तिघी थांबल्या, मी माझी ओळ पुरी केली. टाच कडेला लागली. उभी राहिले, कंबर खरंच दुखत होती, आणि वळले.

प्रकाश तोंडावर होता तरी मला आई सापडली. ती रडत बिडत नव्हती. खुर्चीत पुढे सरकून, मान उंच करून माझ्याकडे बघत होती, बांधावर उभा राहिलेला माणूस बघतो तशी नाही, नीट, कपाळापासून हनुवटीपर्यंत. एक, दोन, तीन झाले. विंगेत सर बोटं नाचवायला लागले, बोल, बोल! मी बोलले नाही. समोरची माणसं चुळबुळली, सगळं नाटक माझ्या तोंडाकडे बघत थांबलं, आणि मी थांबू दिलं. आईचं बघून होईपर्यंत मी एक शब्द बोलले नाही.